स्तनाच्या गाठीची तपासणी: मार्करचा रिपोर्ट चुकतो कुठे? या चुका टाळा

कर्करोग आजूबाजूच्या भागात घुसलाय का, रसवाहिन्यांत (लिम्फ वाहणाऱ्या बारीक नळ्यांत) शिरलाय का, कोणतं औषध लागू पडेल, हे सगळं काढलेल्या गाठीच्या तुकड्यावरून ठरतं. मार्करच्या तपासण्या, म्हणजे पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून ओळखणं, महागड्या असतात, पण तुकडाच नीट राखला नसेल तर त्यांना अर्थ उरत नाही. सगळ्यात मोठी चूक इथेच होते, तीही अगदी पहिल्या तासात.

नमुना तसाच ठेवणं

गाठ शरीराबाहेर आल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रवात) गेली पाहिजे, सलाईनमध्ये नाही. बरणी मोठी हवी, फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवं. अख्खा स्तन तसाच बुडवला तर द्रव आतपर्यंत पोहोचायला फार वेळ लागतो आणि मधला भाग खराब होतो. म्हणून आधी काप घेतात. फॉर्मॅलिनमध्ये किमान ६ आणि जास्तीत जास्त ७२ तास. शनिवारी दुपारी ऑपरेशन झालं आणि बरणी सोमवारपर्यंत कपाटात राहिली, तर निदान गाठ कापून ठेवली होती का, एवढं तरी विचारा.

हे बिघडलं तर ईआर (इस्ट्रोजेन हार्मोनचा रिसेप्टर, म्हणजे ते हार्मोन पकडणारं प्रथिन) खोटाच निगेटिव्ह येऊ शकतो आणि बाईच्या हक्काची हार्मोनची गोळी हुकते. एक खूण लक्षात ठेवा. गाठीशेजारच्या निरोगी दूधनलिकांतल्या काही पेशी ईआरने तपकिरी रंगायलाच हव्यात. त्याही कोऱ्या दिसल्या, तर तो निगेटिव्ह रिपोर्ट मानू नये, तपासणी दुसऱ्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या दुसऱ्या तुकड्यावर) करावी. ईआर १ टक्का पेशींत दिसला तरी पॉझिटिव्ह धरतात, १ ते १० टक्क्यांना ‘लो पॉझिटिव्ह’ म्हणतात.

एकाच मार्करवर विसंबणं

दूधनलिकेभोवती मायोएपिथेलियल पेशींचा पातळ थर असतो. तो शाबूत असेल तर कर्करोग नळीच्या आतच आहे, नाहीसा झाला असेल तर बाहेर पडल्याची शंका. हा थर फक्त एसएमए या मार्करने शोधू नये, कारण आजूबाजूच्या मायोफायब्रोब्लास्ट पेशीही त्याने रंगतात आणि थर असल्याचा भास होतो. पी६३ आणि मायोसिन हेवी चेन हे मार्करही सोबत लावावेत.

रसवाहिन्यांचंही तसंच. प्रक्रियेत ऊती आकसते, पेशींच्या पुंजक्याभोवती पोकळी पडते, आणि ती वाहिनी समजली जाते. खरी वाहिनी शोधायची तर गाठीच्या कडेबाहेर बघावं. डी२-४० या मार्करने तिचं अस्तर दिसलं तर खात्री पटते.

ई-कॅडहेरिन (पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं प्रथिन) गेलं म्हणजे रोग पसरला, असं अनेक नातेवाईक समजतात. ते जाणं बहुतेक वेळा लोब्युलर या स्तनाच्या कर्करोगाच्या एका प्रकाराची खूण असतं, पसरल्याचा पुरावा नव्हे. आणि काही लोब्युलर गाठींत ते दिसतंही.

आकडा वाचून घाबरणं

केआय-६७ हा मार्कर पेशी किती वेगाने वाढताहेत ते सांगतो, कुठवर गेल्या ते नाही. एका लॅबचे १५ टक्के आणि दुसरीचे २० टक्के यांची तुलना करू नका. ५ पर्यंत किंवा ३० च्या वरचा आकडा त्यातल्या त्यात भरवशाचा. हर-टू (पेशींची वाढ चेतवणारं प्रथिन) २+ आला तर हो किंवा नाही असं काहीच ठरत नाही, फिश तपासणी (त्याच्या जनुकाच्या प्रती मोजणारी) करावी लागते.

जुन्या रिपोर्टवर नवे उपचार

काही वर्षांनी हाडात किंवा यकृतात गाठ उगवली, तर शक्य असेल तिथे पुन्हा बायोप्सी करा. ईआर आणि हर-टू बदललेले असू शकतात. हाडाचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं तर मार्कर नासतात, ईडीटीए हे सौम्य रसायन वापरलं तर बरंच वाचतं. हे लॅबला आधीच सांगावं.

दुसरं मत घ्यायला परळच्या टाटा रुग्णालयात किंवा आणखी कुठे जाताना नुसता कागद नेऊ नका. मेणाचे ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या, ब्लॉकचा क्रमांक रिपोर्टशी जुळतोय का ते तिथेच पाहा, आणि उन्हाळ्यात ते बंद गाडीत ठेवू नका.