छोट्या चर्चचं सोशल मीडिया: सुरुवात कुठून करायची

छोट्या मंडळीने फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब सगळं एकाच आठवड्यात उघडलं, की ईस्टर आला तरी तिन्हीकडे नाताळचंच पोस्टर लटकलेलं असतं. आपले लोक आधीपासून जिथे आहेत असं एकच ठिकाण निवडा. उपासनेनंतर हात वर करायला सांगितलं तरी अंदाज येतो. इथे फेसबुक धरून चालू.

आधी चर्चच्या नावाने वेगळा ईमेल काढा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करा आणि पासवर्ड कमिटीतल्या दोघांकडे ठेवा. हे काम कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. एखादा उत्साही तरुण स्वतःच्या ईमेलवर चॅनल काढून देतो, पुढे नोकरीसाठी गाव सोडतो आणि चॅनलच्या किल्ल्याही त्याच्याबरोबर जातात. फेसबुकवर चर्चसाठी प्रोफाइल नको, पेजच हवं. प्रोफाइलला ५,००० मित्रांची मर्यादा असते, शिवाय संस्थेच्या नावाचं प्रोफाइल नियमात बसत नसल्याने बंद होऊ शकतं. पेजला स्वतःचा पासवर्ड नसतो, ते माणसांच्या खात्यांतून चालतं. म्हणून पूर्ण अधिकार असलेले निदान दोघे हवेतच.

पेजवर पहिल्यांदा येणाऱ्याला चारच गोष्टी हव्या असतात: पत्ता, वेळ, उपासनेची भाषा आणि लहान मुलांना आणलं तर चालेल का. हे लिहून ती पोस्ट पेजच्या सगळ्यात वर पिन करा. सणाच्या दिवशी वेळ बदलली तर तीही त्याच दिवशी बदला.

आठवड्याला तीन पोस्ट पुरेत. शुक्रवारी येत्या रविवारचा शास्त्रपाठ आणि वेळ, रविवारी दुपारी संदेशातला मिनिटभराचा तुकडा, मध्ये केव्हातरी गायनवृंदाच्या सरावाचा किंवा आवार झाडतानाचा एखादा फोटो. गुलाबाच्या फुलावर वचन छापलेली चित्रं रोज फॉरवर्ड करण्यापेक्षा हा फोटो जास्त लोक थांबून बघतात. पोस्टर १०८० बाय १३५० पिक्सेलचं ठेवा आणि त्यावर कमिटीतल्या सगळ्यांची नावं कोंबू नका.

लाइव्हची घाई नको. नवीन पेजवरून ते लगेच होतही नाही: फेसबुकला खातं ६० दिवस जुनं आणि पेजला १०० फॉलोअर लागतात. यूट्यूबवर मोबाईलवरून लाइव्हसाठी ५० सबस्क्रायबर हवेत, आणि पहिल्यांदा सुविधा चालू व्हायला २४ तास लागू शकतात. फेसबुकवरचं लाइव्ह ३० दिवसांनी काढून टाकलं जातं, ते आधीच डाउनलोड करा.

चित्र थोडं धूसर असलं तर लोक सोसतात, आवाज फुटला की निघून जातात. मोबाईल मागच्या बाकापाशी ठेवला तर संदेशापेक्षा पंखा आणि हॉलचा घुमाराच जास्त ऐकू येतो. सोपा उपाय म्हणजे पाळकांच्या कॉलरला मोबाईलशी जोडलेला वायरलेस माइक. मिक्सर असेल तर त्याच्या ऑक्स आउटमधून (स्पीकरपेक्षा वेगळा आवाज बाहेर देणारी जोडणी) ऑडिओ इंटरफेसमार्फत, म्हणजे मिक्सरचा आवाज मोबाईलला चालेल असा करून देणाऱ्या छोट्या डबीमार्फत, आवाज घ्या. वायर सरळ मोबाईलच्या माइक जॅकमध्ये खुपसली तर आवाज फाटतो, कारण मिक्सरचा लाइन सिग्नल माइकच्या मानाने फारच जोरकस असतो. आणखी एक घोटाळा: हॉलमध्ये गायनवृंद माइकशिवायच ऐकू येतो, त्यामुळे तो मिक्सरमध्ये नसतो आणि लाइव्हवर नुसता कीबोर्ड वाजत राहतो. गायकांसमोर एक माइक लावा आणि तो फक्त ऑक्सला सोडा, स्पीकरला नको. मोबाईल आडवा, स्टँडवर, चार्जिंगला आणि 'डू नॉट डिस्टर्ब'वर. स्तुतिगीत शंभर वर्षं जुनं असलं तरी त्याचं रेकॉर्डिंग कुणाच्या तरी हक्काचं असतं. सीडीवरचा ट्रॅक वाजवला तर तेवढा भाग म्यूट होऊ शकतो.

प्रार्थना विनंत्या वाचताना लाइव्हचा आवाज बंद करा. कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घरातला वाद, हे मंडळीत सांगितलेलं असतं, जगाला नाही. संडे स्कूलच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका आणि नावं तर लिहूच नका. व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो. नव्या लोकांसाठी चॅनल बरं, तिथे फॉलोअरना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

पेज जरा वाढलं की पाळकांचा फोटो लावून कुणीतरी खोटं खातं उघडतं आणि सभासदांकडे 'तातडीची मदत' मागतं. पाळक मेसेजवर कधीच पैसे मागत नाहीत, ही पोस्ट आधीच टाकून ठेवा आणि उपासनेतही जाहीर करा. वयस्कर सभासद पेज उघडून बघतीलच असं नाही.