गाठ गावात, उपचार परळला: आखणी कशी करावी

राजापूर किंवा देवगडकडच्या वाडीतील बाईच्या हाताला स्तनात गाठ लागली, तरी ती दुखत नाही म्हणून गणपती आणि भातकापणी उरकेपर्यंत थांबण्याकडे कल असतो. वास्तविक स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणून न दुखणारी गाठच आधी दाखवावी. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणे) शक्यतो जिल्ह्यातच करून घ्यावी. निदानाआधी गाठ कापून टाकण्याची घाई मात्र करू नये, कारण त्यामुळे पुढची शस्त्रक्रिया अवघड होते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीचा तुकडा ज्यात बसवतात तो काडेपेटीहून लहान मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबमधून मागून घ्याव्यात. ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का) आणि हर-टू (त्या नावाचे प्रथिन तिच्यात जास्त आहे का) या तपासण्या त्याच ब्लॉकवर होतात. उन्हात तापलेल्या गाडीत तो ठेवू नये, मेणच ते.

खरा पेच रेडिएशनचा आहे. स्तन राखून शस्त्रक्रिया केल्यास नंतर बहुधा आठवड्याचे 5 दिवस, असे 3 ते 5 आठवडे रेडिएशन घ्यावे लागते, आणि तेवढे दिवस मुंबईत राहायचे कुठे या विवंचनेपायी पूर्ण स्तन काढण्याचा निर्णय होतो, जो माझ्या मते आजाराने नव्हे, अंतराने घेतलेला असतो. म्हणून चिपळूण तालुक्यातील डेरवणसारख्या जवळच्या ठिकाणी रेडिएशन घेता येईल का, हे शस्त्रक्रियेपूर्वीच विचारावे.

केमोथेरपीनंतर ताप 100.4 फॅरनहाइटवर गेल्यास मुंबईच्या गाडीची वाट न पाहता जवळचे रुग्णालय गाठावे. उपचारासाठी जाताना रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर व थर्ड एसीचे भाडे माफ असते, सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला आधीच घ्यावा.