सोलरला बॅटरी जोडायची आहे? दुकानात जायच्या आधी हा हिशोब करा

आमच्या गल्लीतल्या एका काकांनी 3 किलोवॅटचं सोलर बसवलं, मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली आणि वर गच्चीवर कडकडीत ऊन असताना खाली सगळे फॅन बंद. बसवणाऱ्याने त्यांना सांगितलंच नव्हतं की ऑनग्रिड सोलर (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं) लाइट गेली की आपोआप बंद होतं, नाहीतर लाइनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातला करंट लागेल. म्हणजे लाइट गेल्यावर घर चालवायचं तर बॅटरी पाहिजेच, पण किती मोठी घ्यायची ते आधी स्वतः काढा, दुकानदारावर सोडू नका.

पहिलं काम, कागद घ्या आणि लाइट गेल्यावर नक्की काय चालू लागतं ते लिहा. दोन साधे फॅन 150 वॅट, चार एलईडी 36, राउटर 12, झाले साधारण 200 वॅट, चार तासांचे 0.8 युनिट, त्यात फ्रिजचे 0.2 धरा, एक युनिट झालं. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो म्हणून 1.2 धरा. एसी आणि गीझर या यादीत घालू नका, तिथेच बजेट दुप्पट-तिप्पट होतं.

आता बॅटरीवर छापलेला आकडा. 12 व्होल्ट 150 एएच (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे पाणी टाकायची शिशाची बॅटरी, 12 गुणिले 150 म्हणजे 1.8 युनिटची, पण ती अर्ध्याच्या खाली रोज उतरवली तर लवकर मरते, म्हणून हातात 0.9 च धरायचे. वरच्या यादीला अशा दोन लागतील. लिथियममध्ये (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट मागा) 5 युनिटच्या बॅटरीतले साडेचार आरामात वापरता येतात, पाणी टाकायची कटकट नाही.

मग भाव, आणि हे नीट करा. समजा दोन ट्यूब्युलर 30,000 ला आणि 5 युनिटची लिथियम 1 लाखाला मिळाली. रोज पूर्ण वापरली तर ट्यूब्युलर 1,200 वेळा धरून साधारण 14 रुपये युनिट पडते, लिथियम दहा वर्षं रोज धरून 6 रुपये. लिथियम स्वस्त वाटली ना? पण तुमच्याकडे लाइट आठवड्यातून एकदाच जात असेल तर दर वेळी वरचे 1.2 युनिट धरून दहा वर्षांत जेमतेम सव्वासहाशे युनिट वापराल आणि तीच लिथियम दीडशे रुपयांच्या वर युनिट पडेल!! नेट मीटर असेल तर दिवसाची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जमा होतेच, त्यामुळे बिल वाचवायला म्हणून बॅटरी घेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. जिथे रोज चार-पाच तास लोडशेडिंग आहे किंवा घरात ऑक्सिजन मशीन चालतं तिथे मात्र लिथियमच घ्या, तिथे काटकसर नको.

पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या योजनेची 78,000 रुपयांपर्यंतची सबसिडी पॅनलच्या किलोवॅटवर आहे, बॅटरीचे पैसे खिशातूनच. आणि आधीचा ऑनग्रिड इन्व्हर्टर असेल तर बहुतेक वेळा हायब्रिड इन्व्हर्टरचा (सोलर, ग्रिड आणि बॅटरी तिन्ही सांभाळणारा) खर्च वेगळा येतो, हा आकडा लोक विसरतात.

कोटेशन घेताना हे लिहूनच घ्या: प्रत्यक्ष वापरता येणारे युनिट किती, वॉरंटी किती वर्षं आणि किती सायकल (एकदा चार्ज होऊन उतरणं म्हणजे एक सायकल), फ्रिज सुरू होतानाचा झटका इन्व्हर्टर झेलेल का, आणि बॅकअपची लाइन वेगळी काढण्याचं वायरिंग किंमतीत धरलंय का. ट्यूब्युलर घेतलीत तर पाण्याची पातळी दाखवणारा फ्लोट लाल खुणेवर आला की लगेच डिस्टिल्ड वॉटर टाका, नळाचं पाणी अजिबात नको, आणि जुनी बॅटरी परत देताना तिच्या शिशाचे पैसे बिलातून वजा करून घ्या.