पथ्याचं दही: विरजण कोणतं घ्यायचं आणि ते कसं पारखायचं

लिटरभर दुधाला विरजण लागतं दोन चमचे. पाकिटातली भुकटी असेल तर जेमतेम एक-दोन ग्रॅम. वाटीभर दह्यात विरजणातून आलेला ऐवज शंभरात तीन भागांच्या वर जात नाही. तरीही पथ्यावरची माणसं पाकिटावरचं एकेक नाव भिंगातून वाचतात आणि दही कोणत्या दुधाचं, किती तास, किती उबेला लावलं याकडे काणाडोळा करतात. लॅक्टोज (दुधातली साखर) न पचण्यासारख्या पथ्यात सगळा भर तास आणि उबेवर हवा. विरजणाच्या घटकांवर अडून बसावं अशी कारणं तीनच: दुधाची ॲलर्जी, एखादा ठरावीक जिवाणूच वर्ज्य असणं, किंवा आहारपद्धतीचा नियमच तसा असणं. म्हणून पाकीट हातात घेण्याआधी आपल्याला नेमकं काय चालत नाही ते कागदावर लिहून काढा. ‘दूध चालत नाही’ एवढ्यानं भागत नाही.

लॅक्टोज पचत नसेल तर

हा प्रमाणाचा प्रश्न आहे. १०० मिली दुधात साधारण ४.५ ते ५ ग्रॅम लॅक्टोज असतं. विरजणाची एक ग्रॅम भुकटी निव्वळ लॅक्टोज आहे असं धरलं तरी लिटरभर दुधात तिच्यामुळे १०० मिलीमागे ०.१ ग्रॅमच भर पडते, आणि तीही जिवाणू खाऊन टाकतात. तेव्हा ‘घटक: लॅक्टोज, जिवाणू’ असं वाचून पाकीट परत ठेवायचं कारण नाही. पाच-सहा तासांत लागलेल्या दह्यात मूळ लॅक्टोजपैकी पाव हिस्सा गेलेला असतो, बाकीचं तसंच असतं. ते आणखी कमी करायचं तर तास वाढवावे लागतात. शिवाय जिवंत जिवाणूंमधलं लॅक्टेज (लॅक्टोज फोडणारं विकर) आपल्या आतड्यातही काम करतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१० मध्ये हा दावा मान्य केला तो दह्यात ग्रॅममागे किमान १० कोटी जिवंत जिवाणू असतील या अटीवर. त्यामुळे आमटीत टाकून उकळलेल्या दह्याकडून हा फायदा धरू नका.

दुधाच्या प्रथिनांची ॲलर्जी असेल तर

इथे प्रमाण गौण, अंशसुद्धा त्रास देतो. दही कितीही आंबवा, केसीन (दुधातलं मुख्य प्रथिन) नाहीसं होत नाही. चोवीस तासांचं दहीही ॲलर्जीवाल्यासाठी दूधच. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधासारखीच असल्यानं ती पळवाटही बंद.

वनस्पतिजन्य दुधासाठी विरजण घेताना पाकिटावर ‘व्हीगन’ असणं पुरेसं नाही. त्या शब्दातून उत्पादकानं मुद्दाम दूध घातलेलं नाही एवढंच कळतं. त्याच यंत्रावर आदल्या दिवशी दुधाचं विरजण भरलं होतं का, ते ‘दुधाचे अंश असू शकतात’ या बारीक ओळीत सापडतं. ती ओळ असेल तर पाकीट घेऊ नका. दुधाच्या दह्यानं सोयाचं दूध विरजायचं, मग त्याच्यानं पुढचं, आणि तीन पिढ्यांत दूध निघून जातं, असा एक सल्ला फिरत असतो. हिशेब असा: तीन टक्के विरजण घेतलं तर पहिल्या खेपेत ३ टक्के, दुसऱ्यात ०.०९, तिसऱ्यात ०.००२७. तत्त्व म्हणून दूध सोडलेल्याला हे चालेल. ॲलर्जीवाल्यानं या वाटेला जाऊ नये.

गॅलॅक्टोसीमिया आणि आखूड आतडं

या दोन्हींत चूक महागात पडते. गॅलॅक्टोसीमिया म्हणजे गॅलॅक्टोज ही साखर शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार. दह्यातला एक मुख्य जिवाणू, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोज फोडतो, त्यातलं ग्लुकोज खातो आणि गॅलॅक्टोज बाहेर टाकतो. त्यामुळे दह्यात लॅक्टोज कमी झालं तरी गॅलॅक्टोज राहतंच. लॅक्टोजमुक्त दुधाचंही तेच. गॅलॅक्टोसीमियात दुधाचं दही कोणत्याच विरजणानं चालत नाही.

आतड्याचा मोठा भाग काढलेल्यांना डी-लॅक्टेट (लॅक्टिक आम्लाच्या दोन प्रकारांपैकी डी प्रकार) अंगात साचण्याचा धोका असतो. दह्यातला दुसरा मुख्य जिवाणू, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, मुख्यतः डी प्रकारचं लॅक्टिक आम्ल तयार करतो, ॲसिडोफिलस दोन्ही प्रकारचं. थर्मोफिलस एल प्रकारचं करतो. अशा रुग्णाला डॉक्टरांनी दही खायला परवानगी दिलीच, तर नुसत्या थर्मोफिलसचं विरजण शोधावं लागतं. घरात चालत आलेलं विरजण इथे बाद, कारण त्यात कोण आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं, आणि होकार मिळाला तर दर वेळी नवं पाकीट फोडावं.

स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएट

ठरावीक कर्बोदकंच खायची, असा हा आहार. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ सिडनी हास यांनी तो सीलिॲकच्या (गव्हातल्या ग्लूटेननं आतडं बिघडण्याच्या आजाराच्या) मुलांसाठी बांधला. पुढे एलेन गॉटशॉल यांनी तो आतड्यांच्या दाहाच्या आजारांसाठी रुजवला. त्यात दही चोवीस तासांचंच लागतं. विरजणात थर्मोफिलस, बल्गेरिकस आणि ॲसिडोफिलस चालतात, बिफिडोबॅक्टेरियम चालत नाही. ते आतड्यात माजतील अशी या आहाराची भूमिका आहे. ती पटो न पटो, आहार पाळायचा ठरवलाय तर नियम पाळा, नाहीतर गुण कशानं आला आणि कशानं नाही ते कळणार नाही. माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासूनची भुकटी), इन्युलिन (एक विद्राव्य तंतू) आणि दुधाची भुकटीही या नियमांत बसत नाहीत.

इन्युलिन आणि एफओएस (फ्रुक्टोजच्या छोट्या साखळ्या) ही नावं लो-फॉडमॅप आहारवाल्यांनीही, म्हणजे पोटात आंबून गॅस करणारी कर्बोदकं टाळणाऱ्यांनीही, टाळावीत. ‘प्रीबायोटिकयुक्त’ असं पाकिटावर मिरवलेलं असतं ते बहुधा हेच.

हिस्टामिनचं (आंबवलेल्या पदार्थांत तयार होणाऱ्या, काहींना न सोसणाऱ्या द्रव्याचं) पथ्य मात्र अवघड. एकाच जातीच्या जिवाणूचा एक वाण हिस्टामिन तयार करतो, दुसरा करत नाही, आणि पाकिटावर वाण क्वचितच लिहिलेला असतो. वाण छापणारं विरजण घ्या, उत्पादकाला थेट विचारा, दही लागताच थंड करा. चोवीस तासांचं दही या पथ्यात नको.

पाकीट कसं वाचायचं

समजा पाकिटावर असं आहे: ‘माल्टोडेक्स्ट्रिन, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस, बिफिडोबॅक्टेरियम लॅक्टिस. दुधाचे अंश असू शकतात.’ लॅक्टोज न पचणाऱ्यानं हे खुशाल घ्यावं. स्पेसिफिक कार्बोहायड्रेटवाल्याला ते दोन कारणांनी बाद, ॲलर्जीवाल्याला शेवटच्या ओळीमुळे बाद. नुसतंच ‘दह्याचे जिवाणू’ असं मोघम लिहिलं असेल तर कडक पथ्यवाल्यानं त्या पाकिटाच्या भानगडीत पडू नये.

तयार दही विरजण म्हणून घ्यायचं तर घटकांत दूध आणि जिवाणू एवढंच हवं. साखर, स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन नको. आंबवल्यानंतर उष्णता दिलेलं दही मेलेलं असतं. त्यानं काहीही लागणार नाही. तारीख जितकी ताजी तितकं बरं. प्रोबायोटिकच्या कॅप्सूल फोडून दही लावायचा मोह टाळा. त्यात बहुधा थर्मोफिलस नसतो, त्यामुळे दूध तासन् तास कोमट पडून राहतं आणि नको ते जंतू आधी शिरकाव करतात.

विरजण किती उबेला काम करतं तेही तपासा. घरच्या साध्या उबेला, २० ते ३० अंशांना लागणारी विरजणं वेगळी असतात. त्यांचं दही मऊ आणि सौम्य लागतं, पण त्यात लॅक्टोज बरंच उरतं. केफिरच्या दाण्यांत तर यीस्टही असतं. चोवीस तासांच्या दह्यासाठी ४० अंशांच्या आसपास काम करणारंच विरजण घ्या.

चोवीस तासांचं दही

लागणाऱ्या वस्तू: एक लिटर दूध, ३० ग्रॅम ताजं दही (किंवा पाकिटावर सांगितलेली भुकटी), थर्मामीटर आणि उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरण्या.

१. दही ठेवायच्या जागेची ऊब आधी मोजा. दह्याचं यंत्र असो की दिवा लावलेला ओव्हन, बरणीत कोमट पाणी भरून चार तास ठेवा आणि पाण्यात थर्मामीटर बुडवा. पुष्कळ यंत्रं ४६ अंशांच्या वर जातात. सहा तासांच्या दह्याला ते खपतं, चोवीस तासांत मात्र दही फुटून पाणी पाणी होतं. बरणीखाली कापडाची घडी घाला किंवा झाकण किलकिलं ठेवा. ३८ ते ४३ अंश हवेत. ४० ला दही सर्वांत गुळगुळीत लागतं.

२. दूध ८५ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं तिथेच धरा. या उष्णतेनं निवळीतली प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि दही घट्ट होतं. टिकाऊ डब्यातलं दूध आधीच तापवलेलं असतं. ते नुसतं कोमट करा, पण दही जरा सैल लागेल हे धरून चाला.

३. ४२ अंशांपर्यंत निववा. साय काढून टाका. करंगळी बुडवून अंदाज घेण्यापेक्षा थर्मामीटर पाहा: ५० अंशांच्या दुधात विरजण घातलं तर पुढचं सगळं फुकट.

४. लॅक्टेजचे थेंब वापरणार असाल तर ते आता, विरजणाच्या आधी. दुधासाठी मिळणारं लॅक्टेज आंबट झाल्यावर काम थांबवतं आणि गरम दुधात नष्ट होतं. थेंब घालून निवलेलं दूध एक दिवस फ्रिजमध्ये ठेवलं आणि मग कोमट करून विरजलं तर उत्तम.

५. विरजण अर्ध्या वाटी दुधात गुठळी न राहील असं घोटा, मग सगळ्या दुधात मिसळा. भुकटी असेल तर वर भुरभुरा, दोन मिनिटं भिजू द्या, मग ढवळा. जास्त विरजण घातल्यानं जास्त चांगलं दही लागत नाही. ते लवकर आंबतं आणि कणीदार होतं.

६. झाकून ठेवा आणि हलवू नका. सहा-आठ तासांनी बरणी हलकेच कलती करा: दही एकसंध सरकलं आणि कडेला पिवळसर हिरवट निवळीची रेघ दिसली की लागलं. इथे थांबलात तर ते अधमुऱ्याच्या जरा पुढचं, गोडसर दही. पथ्यासाठी ते तसंच चोवीस तास पूर्ण होऊ द्या. पीएचची (आंबटपणा मोजायची) पट्टी असेल तर दही लागताना ती ४.६ च्या आसपास दाखवते, अखेरीस ४ च्या जवळ.

७. ढवळण्याआधी आठ तास फ्रिजमध्ये.

चोवीस तासांनी लॅक्टोज शून्यच होतं असं मात्र मानू नका. आंबटपणा वाढला की जिवाणू स्वतःच मंदावतात. फार थोडंही सोसत नसेल तर चौथी पायरी गाळू नका.

बिघडतं तेव्हा

आठ तासांनीही दूध दूधच असेल आणि ऊब ३५ अंशांखाली गेली असेल, तर ऊब वाढवून आणखी चार तास द्या. ऊब ठीक असेल तर विरजण मेलेलं आहे, किंवा दुधात प्रतिजैविकांचा अंश आहे. थर्मोफिलस पेनिसिलीनला फार हळवा. बारा तास कोमट राहूनही न लागलेलं दूध ओतून द्या, त्याचं दुसरं काही करू नका.

कडेला थोडं पाणी सुटणं चोवीस तासांच्या दह्यात ठरलेलंच. दह्याची बेटं निवळीत तरंगू लागली तर ऊब जास्त झाली. तार येत असेल तर ऊब कमी पडली असेल, किंवा विरजणातला वाणच तसा असेल. काही वाण दाटपणासाठी मुद्दाम चिकट निवडलेले असतात, त्यानं अपाय नाही. बुडबुडे, यीस्टचा वास, गुलाबी किंवा नारिंगी छटा यांपैकी काहीही दिसलं तर सगळी बरणी फेका. वरवरचा थर काढून उरलेलं खाऊ नका.

वनस्पतिजन्य दूध

यात लॅक्टोजच नसल्यानं चोवीस तासांची गरज नाही. सहा ते दहा तास पुरतात. १०० मिलीमागे ३ ग्रॅम किंवा जास्त प्रथिनं असलेलं, फक्त सोयाबीन आणि पाणी असलेलं सोयाचं दूध सर्वांत छान लागतं. बदामाच्या किंवा नारळाच्या दुधात जिवाणूंना खायला फारसं नसतं, म्हणून लिटरला १० ते १५ ग्रॅम साखर किंवा मध दूध तापवतानाच घाला. थर्मोफिलस साखर खातो, बल्गेरिकस बहुधा नाही. केसीन नसल्यानं ही दह्यं सैलच राहतात. दाटपणासाठी लिटरला २ ते ३ ग्रॅम अगर-अगर (समुद्री शेवाळापासूनची भुकटी) उकळून घालता येतं, पण स्पेसिफिक कार्बोहायड्रेट डाएटमध्ये अगर-अगर आणि साखर दोन्ही वर्ज्य. तिथे मध घाला आणि लागलेलं दही फडक्यात टांगा.

विरजण जपणं

भुकटी फ्रीझरमध्ये, उणे १८ अंशांना. उघडं पाकीट ओल धरतं, तेव्हा घट्ट बंद करून डबीत ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या उबेला आल्याशिवाय उघडू नका. पाकिटाच्या विरजणातून तीन-चार पिढ्या नीट निघतात. पुढे दोन जिवाणूंचा तोल ढळतो आणि दही कधी पातळ, कधी जहाल आंबट होतं. पुढच्या खेपेचं विरजण दही पहिल्यांदा उघडतानाच, जेवणाचा चमचा बुडण्याआधी, स्वच्छ चमच्यानं बाजूला काढा आणि सात दिवसांत वापरा. चोवीस तासांचं दही फार आंबट असल्यानं त्यातले जिवाणू दमलेले असतात. म्हणून वेगळी लहान बरणी सहा तासांतच उचलून थंड करावी आणि ती फक्त विरजणासाठी ठेवावी. बर्फाच्या साच्यात १५ मिलीच्या वड्या गोठवल्या तर महिनाभर पुरतात: लिटरला दोन वड्या, आधी फ्रिजमध्ये वितळवून.