सरस नाहीतर भीमथडीला जाताय? मग हे बघून घ्या

सरस किंवा भीमथडी जत्रेला, म्हणजे बचतगट आणि कारागिरांच्या वस्तूंच्या प्रदर्शनाला जायचं असेल तर शक्यतो वीकडेला दुपारी जा, रविवारी संध्याकाळी एवढी गर्दी असते की कारागिराशी दोन शब्द पण बोलता येत नाहीत आणि खरी मजा तर त्या बोलण्यातच आहे. स्टॉलवर बसलेल्यांना सरळ विचारा, हे तुम्हीच बनवता का, कसं बनवता, ज्याने स्वतः केलंय तो अगदी मनापासून सांगतो.

पैठणी बघताना पदर उलटा करून बघा, हातमागावरची असेल तर मागची बाजूही पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते, सुटे लोंबणारे धागे किंवा मागून जाळी लावलेली दिसली तर ती बहुतेक मशीनची. कोल्हापुरी चपलेला खिळे नसतात, चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, तिला २०१९ मध्ये जीआय टॅग (वस्तू ठरावीक भागातलीच असल्याची सरकारी नोंद) मिळालाय, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या मिळून ८ जिल्ह्यांसाठी. सावंतवाडीची लाकडी फळं तर हातात घेऊनच बघा, रंगकाम काय सुंदर असतं!

आणि प्लीज, हातकामाच्या वस्तूत फार घासाघीस नको, त्यापेक्षा दोन वस्तू घ्या. निघताना फोन नंबर नक्की मागून घ्या, पुढच्या वेळी थेट त्यांच्याकडूनच मागवता येतं.