शटडाऊनला लिनक्स अडकतंय? आधी ड्रायव्हर बघा
बंद करताना स्क्रीन काळी होते पण फॅन फिरतच राहतो, असं होत असेल तर लगेच री-इन्स्टॉल करू नका प्लीज, बऱ्याचदा वायफायचा नाहीतर ग्राफिक्सचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारं सॉफ्टवेअर) नीट सुटत नसतो. परत चालू करून टर्मिनलमध्ये जर्नलसीटीएल कमांड मायनस बी मायनस वन देऊन चालवा, मागच्या बूटचा, म्हणजे मागच्या वेळी मशीन चालू होतं तेव्हाच्या नोंदींचा, लॉग येतो, त्यातल्या अगदी शेवटच्या ओळी वाचा. वायफायवर संशय असेल तर बंद करायच्या आधी त्याचं मॉड्यूल (कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, जोडलेला ड्रायव्हर) मॉडप्रोब मायनस आर या कमांडने काढून बघा (ग्राफिक्सचं वापरात असतं म्हणून सहज निघत नाही), मशीन नीट बंद झालं तर चोर सापडला, मग कर्नल आणि फर्मवेअर (हार्डवेअरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा. फक्त रीबूटच अडकत असेल तर ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीला रीबूट=पीसीआय जोडून बघा.