ठासणीच्या रायफलीत काळी दारू भरताना

माझी रायफल .50 कॅलिबरची. गोळी 0.490 इंचाची, तेल लावलेल्या सुती चिंधीत गुंडाळून ठासलेली. सुरुवात 60 ग्रेन (वजनाचं छोटं माप) एफएफजी, म्हणजे मध्यम दाण्याच्या काळ्या दारूने करते. मग पाच-पाच ग्रेन वाढवत, प्रत्येक मापाला पाच बार काढून कागदावरची भोकं बघते. माझ्या नळीला 70 मानवली. तुमच्या नळीला दुसरंच काही मानवेल, पण बनवणाऱ्याने दिलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ नका. आणि धूरविरहित दारू चिमूटभरसुद्धा नको, तिच्या दाबाने नळी फुटते.

बुधल्यातून थेट नळीत कधीच ओतू नका. आत एखादी ठिणगी धुमसत असली तर अख्खा बुधला हातात पेटतो. आधी मापात, मग नळीत.

गोळी ठासायच्या गजावर मी दोन खुणा कोरल्या आहेत, एक रिकाम्या नळीची, दुसरी भरलेल्या नळीची. एकदा गोळी दारूपासून दोन बोटं वर अडकली होती. खूण बाहेर दिसली म्हणून थांबले. मधे पोकळी ठेवून बार काढला असता तर नळी फुगली असती. त्या दिवसापासून दर बारानंतर ओलसर चिंधी, मग कोरडी. जळालेल्या दारूचा निम्म्याहून जास्त भाग घनरूपात उरतो, त्याचं किटण नळीत साचतं आणि हवेतला ओलावा ओढतं.

म्हणून सफाई त्याच दिवशी. गरम पाणी, थोडा साबण, चिंधी पांढरी निघेपर्यंत. नळी पूर्ण वाळली की तेलाचा हात.